आईवडील विभक्त झाले, तरी मुलांची शाळा तुटू नये
चंद्रपूर-गडचिरोलीतील धम्म कार्यकर्त्यांसाठी माहिती

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा याच चांदा जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्या दीक्षेपासून या भागातील बौद्ध घरांनी एक गोष्ट मनावर घेतली, ती म्हणजे मुलांचे शिक्षण. मजुरी करून, कोळसा खाणीत राबून, धानाची बांधी गहाण टाकून लोकांनी मुले शिकवली. मात्र संसार मोडतो तेव्हा घरातील मोठी माणसे भांडणात, पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या तारखांत अडकतात. मुलाच्या शाळेकडे लक्ष द्यायला कुणी उरत नाही.

घटस्फोट हा कलंक नाही, हे आपल्या समाजाने तरी सर्वांत आधी समजून घेतले पाहिजे. स्त्रीला नको असलेल्या विवाहातून कायद्याने बाहेर पडता यावे, ही तरतूद बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मांडली. ते बिल अडवले गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. म्हणून एखादी ताई मुलांना घेऊन माहेरी परत आली तर विहारातल्या चर्चेचा विषय ‘चूक कोणाची’ हा नसावा. मुलाचे नाव कोणत्या शाळेत आहे, तो काल शाळेत गेला का, त्याचे कागद कुठे आहेत, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. या लेखात त्यांचीच उत्तरे एकत्र केली आहेत.

शाळा नेमकी कुठे अडते?

घटस्फोट झाला म्हणजे मूल वाया गेले, असे अनेकजण धरून चालतात. अभ्यास वेगळे सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी विभक्त कुटुंबांतील मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. अशा मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांत पुढे गंभीर अडचणी दिसल्या. विभक्त न झालेल्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे धोका वाढतो, पण बहुसंख्य मुले सावरतात. तो समाज वेगळा आहे, तरी एक गोष्ट आपल्याकडेही लागू पडते. आईवडील वेगळे राहण्यापेक्षा त्यांचे न संपणारे भांडण मुलाला जास्त पोखरते.

आपल्या भागात शाळा साधारण चार ठिकाणी अडते.

पहिले, भांडण. मूल वर्गात बसलेले असते आणि मन घरी असते.

दुसरे, पैसा. एका मजुरीवर दोन घरे चालत नाहीत. मग वही, गणवेश, सायकल, शिकवणी यांवर आधी कात्री लागते. मोठ्या मुलीला धाकट्यांना सांभाळायला घरी ठेवले जाते.

तिसरे, स्थलांतर. आईचे माहेर सिरोंचाला, वडिलांचे घर राजुऱ्याला, असे असेल तर मुलाची शाळा वर्षाच्या मध्येच बदलते. माहेर सीमेपलीकडे तेलंगणात असेल तर शिकण्याची भाषाही बदलते.

चौथे, कागद. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे पुरावे बहुतेक वडिलांच्या घरच्या पेटीत असतात. याचा फटका लगेच दिसत नाही. दहावी-बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी दिसतो.

चारही अडचणींवर उपाय आहेत. त्यासाठी पहिल्या महिन्यातच कुणीतरी सोबत उभे राहायला हवे.

फारकत आणि कोर्टाचा घटस्फोट

बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २ नुसार, बौद्धांनाही लागू होतो. विवाह विशेष विवाह कायद्याखाली नोंदवला असेल तर तो कायदा लागतो.

गावोगावी स्टॅम्प पेपरवर ‘फारकत’ किंवा ‘सोडचिठ्ठी’ लिहून दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या घेतल्या जातात. अशा कागदाने सहसा कायदेशीर घटस्फोट होत नाही. तशी रूढी जुनी आणि अखंड चालत आल्याचे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि ते अवघड असते. या कागदाचा दुसरा तोटा मुलांना होतो. त्यात भांडी, दागिने, लग्नखर्च यांचा हिशेब असतो. मुलाच्या शाळेबद्दल एक ओळही नसते.

कोर्टात परस्परसंमतीने घटस्फोट घेता येतो (कलम १३ ब). त्यासाठी पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. अर्जासोबत ज्या अटी लिहिल्या जातात त्यांत मुलांविषयी पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: मूल कोणाजवळ राहील, कोणत्या शाळेत शिकेल, फी व वह्या-पुस्तकांचा खर्च कोण व किती देईल, दुसऱ्या पालकाची भेट कधी होईल, आणि मुलाच्या दाखल्यांसाठी लागणारे कागद वडील केव्हा देतील. शेवटचा मुद्दा वकीलसुद्धा विसरतात. तो आठवणीने घालावा.

घटस्फोटाचा खटला चालू असतानाही कलम २६ नुसार मुलाचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबाबत कोर्ट अंतरिम आदेश देऊ शकते. पालनपोषण व शिक्षणाच्या अंतरिम खर्चाचा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. ताब्याबाबत १९५६ च्या पालकत्व कायद्यात दोन गोष्टी आहेत. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावे. आणि कोणताही निर्णय घेताना मुलाचे हित सर्वोच्च मानावे. ‘वंशाचा दिवा आमचा’ किंवा ‘पोरगी तुम्ही ठेवा, पोरगा आम्ही ठेवतो’ ही भाषा कायद्यात बसत नाही आणि धम्मातही नाही.

वकिलाच्या फीला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ नुसार, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.

शाळा बदलताना

शक्य असेल तर पहिले वर्ष शाळा बदलू नये. घर बदलले, बाप दिसेनासा झाला, त्यातच मित्र आणि गुरुजीही बदलले तर मुलाला धरायला काही उरत नाही. बदल करायचाच असेल तर तो मे-जूनमध्ये करावा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा मूल नव्या वर्गात सगळ्यांसोबतच नवे असते. दिवाळीनंतर आलेले मूल वर्षभर ‘नवीन आलेला’ राहते.

मध्येच बदलावे लागले तर शिक्षण हक्क कायदा २००९ लक्षात ठेवावा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत प्रवेश मिळाला पाहिजे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. ‘वडिलांची सही आणा’ असे उत्तर मिळाले तर कार्यकर्त्याने लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि गरज पडल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटावे. आवाज चढवायची गरज नसते. कायद्याचे कलम लिहिलेला अर्ज पुरतो.

चौथी-पाचवीतील मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. जवाहर नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा एकदाच देता येते आणि पाचवी ज्या जिल्ह्यात शिकत आहे त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो. चंद्रपूर जिल्ह्याचे नवोदय नागभीड तालुक्यात तळोधी (बाळापूर) येथे आहे, तर गडचिरोलीचे चामोर्शी तालुक्यात घोट येथे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तीनही वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात. आईसोबत गडचिरोलीहून चंद्रपूर शहरात आलेल्या हुशार मुलाची ही संधी केवळ माहिती नसल्यामुळे हातची जाते. शाळा बदलण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

जातीचा दाखला: आजच काम करा

बौद्ध मुलांच्या बाबतीत हा सर्वांत मोठा अडथळा आहे. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात केला, पण दाखला मिळवण्यासाठी मूळ जातीचे आणि वास्तव्याचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्याआधीचे पुरावे म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल पंजीतील जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने अभिलेख. हे सारे वडिलांच्या बाजूचे असतात, आणि बोलणे बंद झाले की मिळत नाहीत.

यासाठी पुढील क्रमाने काम करावे.

१. विभक्त होण्याच्या बोलणीतच वडिलांचा जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र असल्यास ते, आणि आजोबांचा शाळेचा दाखला यांच्या प्रती मागून घ्याव्यात. वडिलांकडील चुलते, आत्या यांपैकी कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही फार उपयोगी पडते.

२. वडील देत नसतील तर आजोबांच्या शाळेतून दाखल्याची प्रत आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून कोतवाल पंजीची नक्कल मागावी. त्यासाठी गावाचे नाव, आजोबांचे पूर्ण नाव आणि अंदाजे वर्ष माहीत असले पाहिजे. या तीन गोष्टी आजच वहीत लिहून ठेवाव्यात.

३. मूल शाळेत असतानाच उपविभागीय अधिकाऱ्यांकडून जातीचा दाखला काढून घ्यावा. बारावीची वाट पाहू नये. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अकरावी-बारावीतच करावा.

४. आईवडिलांच्या जाती वेगवेगळ्या असतील आणि मूल पूर्णपणे आईकडे वाढले असेल, तर वडिलांचीच जात लागेल असे गृहीत धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नाईका प्रकरणात सांगितले की, अशा विवाहात मुलाची जात वडिलांची असे प्रथम मानले जाते, पण ते अंतिम नसते. मूल आईच्या समाजात वाढले, त्याने तेच हाल सोसले, हे पुराव्याने दाखवता येते. म्हणून आईच्या बाजूचेही सर्व कागद जपावेत.

५. आईचे माहेर तेलंगणात किंवा छत्तीसगडमध्ये असेल तर लक्षात ठेवावे, अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते. मूल तिकडे शिकायला गेले तरी महाराष्ट्रातील कागदांची फाइल इकडे जपून ठेवावी.

नावाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव आवश्यक केले आहे: मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. मोठ्या मुलांचे नाव-आडनाव रागाच्या भरात बदलू नये. आधारवर एक, शाळेत दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे नाव झाले की पुढची पाच वर्षे दुरुस्तीत जातात.

पैसा कुठून येईल?

*पोटगी.* मुलाचे पालनपोषण म्हणजे फक्त जेवण नाही. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या व्याख्येत शिक्षणाचाही समावेश आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. घटस्फोटाचा खटला नसला तरी या कलमाखाली मुलांसाठी खर्च मागता येतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, दोघांनी उत्पन्नाचे शपथपत्र द्यावे, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा; आई पुरेसे कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा. घरात मारहाण असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा दोन्ही मागता येतात.

*बालसंगोपन.* राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकपालक व संकटातील कुटुंबांतील १८ वर्षांखालील मुलांसाठी २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्यात घटस्फोटित व परित्यक्ता आईची मुले स्पष्टपणे येतात. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये आहे. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षात जावे. मूल कोणत्या योजनेत बसते ते तिथे सांगतात.

*आईसाठी.* संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेतील स्त्रियाही येतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा.

*शिष्यवृत्ती.* अनुसूचित जातीच्या मुलींना पाचवी ते सातवी दरमहा ६० आणि आठवी ते दहावी दरमहा १०० रुपये सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती शाळेमार्फत मिळते. रक्कम लहान आहे, पण तिच्यामुळे मुलीचे बँक खाते आणि कागद वेळेत तयार होतात. आठवीत एनएमएमएस परीक्षा जरूर द्यायला लावावी. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित असावी लागते.

*वसतिगृह.* सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठी सहावी ते दहावीच्या निवासी शाळा आहेत. दहावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. वसतिगृह चांगले, पण ‘कोणाकडेच नको’ म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलाला तिथे सोडणे बरे नाही. मोठे मूल गेले तर ठरलेल्या दिवशी कोणीतरी भेटायला गेलेच पाहिजे. आई जाऊ शकत नसेल तर मामाने जावे, मामा नसेल तर विहारातील एखाद्याने जावे.

आईवडिलांशी काय बोलावे?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आईवडिलांची मुलांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या-शिल्प शिकवणे, योग्य विवाह लावून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. ही कर्तव्ये एकत्र राहण्याच्या अटीवर सांगितलेली नाहीत. संसार संपला तरी ती दोघांवरही राहतात. कार्यकर्त्याने दोन्ही घरी जाऊन एवढेच सांगावे आणि मग पुढील पाच गोष्टींवर होकार घ्यावा.

१. ‘आमचे पटले नाही, यात तुझी काही चूक नाही’ हे मुलाला दोघांनीही सांगावे. सहा ते नऊ वर्षांची मुले स्वतःलाच दोष देतात. ‘बाबा कामाला गेले’ अशी खोटी समजूत घालू नये. मुसावादापासून दूर राहण्याचे शील मुलांशी बोलतानाही पाळायचे असते.

२. मुलाच्या हातून निरोप, पैशाची मागणी किंवा टोमणे पाठवू नयेत. ‘तिकडे कोण येते, काय खाता’ अशी चौकशी करू नये.

३. परीक्षेच्या आठवड्यात भेटीगाठी आणि कोर्टाची बोलणी नकोत. भेटीसाठी रविवार, दिवाळीची सुटी आणि उन्हाळा ठेवावा.

४. दोन्ही घरी झोपेची आणि अभ्यासाची वेळ एकच ठेवावी. पुस्तकांचा दुसरा संच विहाराच्या ग्रंथालयातून द्यावा. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून मोफतही उतरवता येतात.

५. निकाल आणि पालकसभेची माहिती दोघांनाही मिळावी. मुलाचे गुण ही एका पालकाची जीत आणि दुसऱ्याची हार होऊ देऊ नये.

दारूचा प्रश्न वेगळा हाताळावा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, अनेक संसार याच कारणाने मोडतात. वडील पीत असतील तर भेट दिवसा, विहारात किंवा आजी-आजोबांसमोर व्हावी. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ची तालुका व्यसनमुक्ती क्लिनिक आहेत, त्यांना तिथे घेऊन जाणे हेही मुलाच्या शिक्षणाचेच काम आहे. मात्र मारहाणीचा धोका असेल तर समेटासाठी आग्रह धरू नये.

शिक्षकांना काय सांगावे?

वर्गशिक्षकांना आईने स्वतः भेटून थोडक्यात सांगावे. सोबत कार्यकर्ता असला तर चांगले. भांडणाचा तपशील सांगायची गरज नाही. मूल सध्या कोणाजवळ आहे, त्याला शाळेतून कोण नेऊ शकते, फोन कोणाला करायचा आणि मुलात काय बदल दिसतो, एवढे पुरेसे आहे. कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी.

शिक्षकांना एक विनंती जरूर करावी: वर्गात सर्वांसमोर ‘तुझे वडील का आले नाहीत’ असे विचारू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मानसिक छळालाही बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. एकट्या आईला तिथे सदस्य म्हणून उभे करावे. समितीत बसणाऱ्या आईच्या मुलाकडे शाळा दयेने पाहत नाही.

विहार काय करू शकतो?

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास शाळेच्या पहिल्या सत्रातच येतो. संध्याकाळी वंदनेनंतर दीड तास अभ्यासिका चालवली तर गावातील सर्वच मुलांचा फायदा होतो आणि विभक्त घरातील मूल वेगळे दिसत नाही. ‘घटस्फोटितांच्या मुलांचा वर्ग’ असा फलक कधीही लावू नये. अश्विन पौर्णिमेला अभ्यासिका बंद करू नये. खरी गरज त्यानंतर असते.

कारण आपल्या भागाचे मजुरीचे वेळापत्रक शाळेच्या आड येते. धानकापणीनंतर अनेक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. घरात दोन मोठी माणसे असली तर एक मागे राहू शकते. एकटी आई मुलाला सोबत नेते आणि दुसरे सत्र बुडते. अशा आईला जानेवारीच्या आधीच विचारावे: परीक्षा होईपर्यंत मूल कोणाकडे राहील? आजी, मावशी किंवा विश्वासातले शेजारी घर ठरवून, जेवणाच्या धान्याची सोय करून द्यावी. ते घर आईच्या पसंतीचे असावे, आणि कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा तिथे डोकवावे.

प्रत्येक विहाराने एक ताई आणि एक दादा ‘शाळा-सोबती’ म्हणून नेमावे. त्यांचे काम मर्यादित ठेवावे: आठवड्यातून एकदा हजेरीची विचारणा, महिन्यातून एकदा शिक्षकांची भेट, आणि कागदांची फाइल. सल्ला कमी, सातत्य जास्त. मुलगी आठवीत गेली की शाळेचे अंतर पाहावे. मानव विकास कार्यक्रमाखालील तालुक्यांत मुलींसाठी सायकल आणि निळ्या बसची सोय आहे. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासही मिळतो.

श्रामणेर शिबिराला मूल नेताना ते ज्याच्या ताब्यात आहे त्या पालकाची लेखी संमती घ्यावी, दुसऱ्यालाही कळवावे. राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा विनयाचा नियम झाला, हे आपण विसरू नये.

केव्हा सावध व्हावे?

सुरुवातीचे दोन-तीन महिने मूल चिडणे, अभ्यासात मागे पडणे, लहान मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे, शाळेच्या वेळी पोट दुखणे हे होऊ शकते. धीर दिला की बहुधा कमी होते. पण मूल आठवडाभर सलग शाळेत गेले नाही, जेवण-झोप तुटली, एकटे राहू लागले, मरणाची भाषा बोलू लागले, अंगावर मारल्याच्या खुणा दिसल्या, किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तर थांबू नये. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाकडे नेता येते. ‘बाहेरची बाधा’ म्हणून कुणा मांत्रिकाकडे नेऊ देऊ नये.

मुलाची फाइल

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये पुढील कागद ठेवावेत आणि प्रत्येकाचा फोटो आईच्या व शाळा-सोबत्याच्या मोबाइलमध्ये ठेवावा:

• मुलाचा जन्मदाखला व आधार
• शाळेचे बोनाफाईड, गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला
• आई व वडील दोघांचे आधार, विवाहाचा पुरावा
• कोर्टाचा आदेश, अर्जाची प्रत किंवा पोलीस तक्रारीची पोच
• वडील व आजोबांचे जातीचे पुरावे; आईच्या बाजूचेही
• रहिवासी व उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका (मुलाचे नाव आईच्या कार्डावर आले का, ते तपासावे)
• मुलाच्या बँक खात्याचे पासबुक
• पालकाच्या ताब्याचे व खर्चाचे लेखी करारपत्र

आपल्या विहाराच्या परिसरात आईवडील विभक्त झालेली किती मुले आहेत, हे बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत असते. त्यांची फाइल मात्र कुठेच नसते. येत्या रविवारी वंदनेनंतर अशा एका घरी जावे. आईला विचारून, मुलाशी दोन गोष्टी बोलून, फाइलची सुरुवात जन्मदाखल्यापासून करावी. पुढच्या रविवारी दुसरा कागद.

नमो बुद्धाय, जय भीम.